मोकळं टोक

मुलीनं बोट दाखवलं म्हणून तिला ती पाटी दिसली. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी, निळ्यावर पिवळी अक्षरं, एकेक अक्षर वीतभर उंच. 'सर्व प्रकारच्या मिक्सरची दूरुस्ती.' पहिला उकार दीर्घ. गेले चार महिने ती रोज सकाळी याच पाटीखालून बसथांब्याकडे जात होती. आज मुलीला कॉलेजला लवकर जायचं होतं म्हणून दोघी बरोबर निघाल्या, आणि मुलगी मध्येच थांबून, मान वर करून हसत म्हणाली, "आई, हे तू इतके दिवस सहन कसं केलंस?" तिनं सहन केलं नव्हतं. तिला ते दिसलंच नव्हतं. ती मुलीबरोबर हसली, काहीतरी बोलली, मुलीची बस आधी आली, मुलगी चढून गेली. मग थांब्यावर एकटी उभी असताना तिला ते जाणवलं. जिभेनं सवयीनं चाचपावं आणि दात जागेवर नसावा, तसं. दुखलं नव्हतं, रक्त आलं नव्हतं, कधी पडला तेही कळलं नव्हतं.

एकोणीस वर्षं तिनं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासली होती. त्या एकोणीस वर्षांत तिला अक्षरं वाचता येईनाशी झाली होती. फक्त चुका वाचता येत. औषधाच्या वेष्टनावर, लग्नाच्या पत्रिकेत, दवाखान्यातल्या 'शांतता राखा'च्या फलकावर डोळा आधी चुकीवर जाऊन बसायचा आणि मग मजकुराकडे वळायचा. लग्न ठरल्यावर नवऱ्यानं तिला पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा तिनं नकळत त्यात पेन्सिलनं दोन खुणा केल्या आणि तेच पत्र उत्तराच्या पाकिटात चुकून परत गेलं. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या करणारा माणूस. मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तर गिऱ्हाईक जेवू शकत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं दोन्ही चुका सुधारून पत्र पुन्हा पाठवलं. हा डोळा तिला नकोसाही झाला होता. सुट्टीच्या दिवशी कादंबरी वाचायला घ्यावी आणि तिसऱ्या पानावर अनुस्वार सुटलेला दिसावा, की कादंबरी संपली. मग आता तो गेला असेल तर बरंच झालं की. तिनं स्वतःला असं दोनतीनदा सांगून पाहिलं. बस आली, तिला खिडकीची जागा मिळाली, आणि कचेरीपर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात तिनं डाव्या बाजूची एकही पाटी सोडली नाही. तीन चुका मिळाल्या. शोधून मिळाल्या, म्हणून त्यात काही अर्थ नव्हता.

तिची नवी कचेरी म्हणजे रक्त तपासणारी एक मोठी प्रयोगशाळा होती. चार मजले, खाली नमुने घेण्याचं दालन, वर यंत्रं, त्याच्यावर डॉक्टर, सगळ्यात वर बैठकीची खोली. संगणकांच्या जाळ्यातून या मजल्यांना एकमेकांशी बोलतं ठेवणं हे तिच्या विभागाचं काम, आणि त्या विभागात ती धरून तीन माणसं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती तिथे उमेदवार म्हणून लागली होती. सहा महिन्यांची उमेदवारी, त्यातले चार झालेले. त्या दिवशी ती वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचली, कारण बस लवकर आली आणि पाय भराभर चालले. अकरा वाजता वर बैठक होती, पडद्यावर चित्र नीट येतंय का ते पाहून ठेवायला तिला शनिवारीच सांगितलं होतं. ती वर गेली. सफाईची मावशी फरशी पुसून बादली घेऊन बाहेर पडत होती, दोघी एकमेकींना पाहून नुसत्या हसल्या. पडदा ठीक होता. निघताना तिचं टेबलाखाली लक्ष गेलं. तिथे जोडण्यांचा एक छोटा डबा होता, आठ भोकांचा. कोणी लॅपटॉप घेऊन आलं तर लावायला म्हणून त्यातून एक निळी केबल निघालेली होती आणि तिचं दुसरं टोक ओल्या फरशीवर मोकळंच पडलेलं होतं. ते टोक तिला बघवेना. उघडलेला कंस बंद करायचा राहिला असावा तसं ते दिसत होतं. पाटीनं सकाळपासून जे काही डिवचलं होतं, ते सगळं एकदम हातात आलं. ती वाकली, टोक पदरानं पुसलं आणि त्याच डब्याच्या रिकाम्या भोकात बसवून टाकलं. बारीकसा 'टक' आवाज झाला. डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. तिला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच इतकं स्वच्छ बरं वाटलं, हे तिला पुढे किती दिवस आठवत राहिलं.

ती दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत खालून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले होते. नमुने घेण्याच्या दालनात साठ-सत्तर माणसं बसली होती, सगळी रात्रीपासून उपाशी, कारण साखर तपासायची तर काही खायचं नसतं. खिडकीवरच्या मुलींचे पडदे गोठले होते. नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारी यंत्रं मुकाट झाली होती. नाव विचारायचं, लेबल काढायचं, नळीवर लावायचं, मग सुई, हा क्रम. आणि पहिलीच कडी तुटलेली. उपाशी माणूस आणि थांबलेली रांग एकत्र आली की काय होतं ते तिनं याआधी पाहिलं नव्हतं. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फक्त सगळे एकदम उभे राहिले होते.

जिन्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत तिचे दोघे सहकारी होते. एकाला सगळी इमारत 'रीस्टार्ट' म्हणायची. तक्रार कसलीही असो, तो आधी बंद करून चालू करायला सांगायचा. एकदा त्याच्या बायकोनं घरचे दिवे गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हाही त्याच्या तोंडून तेच गेलं होतं. दुसरा म्हणजे विभागप्रमुख, सत्तावीस वर्षांचा, त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणत. तिला काय हाक मारावी हे त्याला चार महिन्यांत ठरवता आलं नव्हतं. मॅडम म्हणावं तर ती त्याच्या हाताखाली, नावानं हाक मारावी तर ती त्याच्या आईच्या वयाची; म्हणून तो तिच्याशी बोलताना वाक्याची सुरुवात नेहमी "म्हणजे" नं करायचा. या खोलीत दिवसभर फोन वाजायचे आणि ती ते आवडीनं घ्यायची, कारण लोकांचे प्रश्न ऐकून तिची भीती कमी होत असे. तिसऱ्या मजल्यावरचे एक डॉक्टर म्हणायचे की त्यांच्या खोलीत इंटरनेट कमी येतं, शेजारच्यानं जास्त ओढून घेतलंय. हिशेबाच्या बाईंनी वायरलेसच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून स्वतः विणलेलं फुलाफुलांचं झाकण घातलं होतं. पेटी तापून बंद पडायची, आणि कॅप्टनला ते झाकण काढून घ्यायचा धीर होत नव्हता कारण बाईंनी ते त्याच्या वाढदिवसाच्या दिवशी घातलं होतं. शेवटी तिनं जाऊन बाईंना सांगितलं की पेटीला उकडतं. बाईंनी लगेच काढलं. असं साधं सांगायचं असतं हे पोरांना कुठून कळणार, असं तेव्हा तिला वाटलं होतं आणि त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली होती.

आज कोणी गुणगुणत नव्हतं. कॅप्टन कपाटासमोर उभा होता. कपाटात सगळ्या मजल्यांच्या केबली येऊन मिळत, आणि मुख्य यंत्राचे दिवे, एरवी जे आपापल्या लयीत, एखादा आत्ता एखादा मग असे लुकलुकतात, ते सगळेच्या सगळे एका दमात उघडमीट करत होते. तिनं ते पाहिलं आणि तिला पान आठवलं. चित्र नाही, व्याख्या नाही, पान. डाव्या हाताचं, खालून चौथी ओळ. कारण हे सगळं तिच्या आयुष्यात आलं होतं ते मुद्रित म्हणूनच. वर्तमानपत्रानं मुद्रितं तपासणारं खातं बंद केलं, ते काम आता यंत्र करणार होतं. सहा जणांना एक पत्र दिलं, त्या पत्रात दोन चुका होत्या आणि सहांपैकी एकानंही त्यांवर खूण केली नाही. मग ती घरी बसून मिळेल ते तपासत होती. त्यात एका प्रकाशकाकडून नेटवर्किंगच्या परीक्षेचं सहाशे पानांचं मार्गदर्शक आलं, घाईघाईत भाषांतर केलेलं. पहिल्या वाचनात तिनं तीनशे बारा चुका काढल्या. दुसऱ्या वाचनात तिच्या लक्षात आलं की काही चुका व्याकरणाच्या नाहीत, त्या गणिताच्या आहेत. पत्त्यांचे आकडे जुळत नाहीत. आणि तिसऱ्यांदा, जे करायची काही गरज नव्हती आणि ज्याचे पैसेही नव्हते, ते वाचताना ती ओट्याशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली होती, "अगं, मला हे कळतंय." मुलीनं वहीतून डोकं वर करून विचारलं होतं, काय कळतंय? तिला सांगता आलं नव्हतं. शब्द कुठून निघतो, कोणत्या दारातून जातो, हरवला तर परत कसा मागवतात, पोहोचल्याची पावती कशी येते. ती एकोणीस वर्षं फक्त शेवटच्या टोकाला बसून होती, आणि इथे मधला सगळा रस्ता होता.

तिनं त्याच परीक्षेची शिकवणी लावली, तेव्हा पहिल्या दिवशी सरांनी दारातच सांगितलं की पालकांना आत बसता येणार नाही. ती बसली. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, थोडक्यात झाली, आणि का झाली ते तिनं नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. परीक्षेच्या खोलीत घड्याळ काढून घेतात, खिसे उलटे करायला लावतात, डोक्यावर कॅमेरा असतो. त्या तसल्या खोलीत एकतिसाव्या प्रश्नात तिला एक अक्षर चुकलेलं दिसलं. पुढे जाता येईना. अभिप्रायाच्या चौकटीत तिनं ती चूक, तिचं कारण आणि शुद्ध रूप असं सविस्तर लिहिलं. सात मिनिटं गेली. शेवटचे पाच प्रश्न राहिले. नवरा मेणाच्या हिरडीवर दात बसवता बसवता हे ऐकत होता. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "चूक होती ना पण?" होती. "मग झालं." दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आणि त्या पास झालेल्या परीक्षेत एक प्रश्न असा होता: एकाच यंत्राच्या दोन भोकांत एकाच केबलची दोन टोकं बसवली तर काय होईल? तिचं उत्तर बरोबर आलं होतं. निरोप गोल फिरत राहतील, प्रत्येक फेरीला वाढत जातील, कोणालाच कोणाचं ऐकू येणार नाही. वादळ, असा त्याला शब्द आहे. दिव्यांकडे बघत ती तिथे उभी होती आणि तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात तो 'टक' पुन्हा झाला.

ती बोलली नाही. एवढंच झालं, आणि एवढं सहज झालं की ते घडत असताना निर्णयासारखं वाटलंही नाही. कॅप्टन म्हणाला, "म्हणजे, तुम्ही खाली खिडकीवर जा, मुलींना हातानं लेबलं लिहायला मदत करा, मी एकेक मजला तोडून बघतो." ती "हो" म्हणाली आणि गेली. पहिली पायरी उतरताना तिला वाटलं, आधी वर जावं, चौथ्या मजल्यावर, दोन मिनिटांत टोक काढून टाकावं, कोणाला कळणारही नाही. दुसऱ्या पायरीवर वाटलं, परत वळून सांगावं. तिसऱ्या पायरीनंतर जिना कधी संपला ते कळलंच नाही. खाली तिच्या हातात पेन आलं, नळ्या आल्या, समोर फॉर्म. ती लिहू लागली. नाव, वय, वेळ. तिचं अक्षर सुरेख होतं, शेजारची मुलगी म्हणाली, ताई, छापल्यासारखं काढता हो तुम्ही. अकरा मिनिटं, भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं म्हणून तिला नक्की माहीत. त्या अकरा मिनिटांत रांगेतला एक म्हातारा गृहस्थ हळूच खाली बसला, इतका हळू की त्याला काही वस्तू उचलायची आहे असं वाटावं. कोणीतरी धावलं. साखरेचं पाणी दिलं. तो दोन मिनिटांत सावरला, टोपी नीट केली, आणि खिडकीवरच्या मुलीनं त्याला समजावून सांगितलं की आता साखर पोटात गेली, आजची तपासणी होणार नाही, उद्या यावं लागेल. त्यानं विचारलं, "पुन्हा उपाशी?" मुलगी हो म्हणाली. तो कोणावर रागावला नाही. त्यानं आपला फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ खिशावर हात ठेवून बसून राहिला. पुढच्या नळीवर तिनं वय लिहिलं आणि तिला ते अक्षर कोणा दुसऱ्याचं वाटलं.

मग लेबलांची यंत्रं एकदम करकरली. पडदे जागे झाले. रांग पुन्हा खाली बसली. कॅप्टन जिना उतरून आला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर जिंकल्याचा उजेड. चौथा मजला तोडल्याबरोबर वादळ थांबलं होतं; बैठकीच्या खोलीत एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात घातलेली मिळाली होती. रीस्टार्ट म्हणाला, बघा, शेवटी बंद करून चालूच करावं लागलं. मुली हसल्या. तीही हसली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई जिन्याच्या कठड्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, सकाळी तिथे कोण गेलं होतं? कॅप्टननं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला की सफाई करणारी बाई गेली असणार, फरशी पुसताना केबल लोंबत दिसली असेल, घातली असेल कुठेतरी. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि सफाईच्या मुकादमाला लगेच कळवायला सांगितलं.

ती जिन्यामागच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसली आणि तिला दीर्घकाका आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा ते तिथे येऊन बसले. मुद्रित खात्याचे प्रमुख, ऱ्हस्व-दीर्घावरून संपादकांशी आयुष्यभर भांडलेले, म्हणून हे नाव. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळच्या अंकात दोन छायाचित्रांची अदलाबदल झाली होती. ज्यांचा अमृतमहोत्सव होता ते गृहस्थ निधनाच्या चौकटीत आले आणि दिवंगत गृहस्थांना दीर्घायुष्य चिंतिलं गेलं. ते पान तिनं तपासलं होतं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि तिचा एक कान टेलिफोनकडे होता. वाढदिवसवाले गृहस्थ आपण जिवंत असल्याचं दाखवायला स्वतः कचेरीत आले, चहा पिऊन गेले, जाताना म्हणाले की लोक काय काय चांगलं बोलतात ते या निमित्तानं कळलं. दुसरे मात्र चहा पिण्यासारखे नव्हते. त्यांचा मुलगा आला होता. तो काही न बोलता अंक टेबलावर ठेवून गेला. चौकशीच्या वेळी पानाच्या कोपऱ्यात तिच्या सहीच्या जागी दीर्घकाकांची सही होती, तिच्या सहीवरून गडद शाईनं ओढलेली. त्यांना कागदाच्या गोदामात बसवलं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांनी रिमं मोजली. ती अधूनमधून तिथे जायची, दोघं मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचे. सही हा शब्द दोघांनी कधी उच्चारला नाही. तेव्हा तिला वाटायचं की गप्प राहणं म्हणजे त्यांच्या मोठेपणाचा मान राखणं. आता, या खोलीत, यंत्राच्या पंख्यांच्या घुमण्यात, तिला वाटलं की ते फक्त गप्प राहणं होतं. आणि काकांनी निदान स्वतःचं नाव खर्ची घातलं होतं. आज खर्ची पडत होती ती तिसरीच बाई. तिला मावशी म्हणायचे सगळे, ती हिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असूनही.

कॅप्टन आत आला, दार लोटून घेतलं. तो बसला नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "शनिवारी तुम्हाला पडदा बघायला मीच सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली.

"मला काही विचारायचं नाहीये. तुमचे दोन महिने राहिलेत. उमेदवारीत अशी नोंद झाली की कायम करत नाहीत. आणि मावशीचं काय, मुकादम त्यांना दुसऱ्या इमारतीत टाकेल. कामाला तोटा नाही त्यांना." मग एकदम लहान मुलासारखं म्हणाला, "ती केबल शनिवारी मी अशीच सोडून गेलो होतो. डब्यात बसवलेलं टोक पण काढून ठेवायला पाहिजे होतं."

तिला त्याची दया आली, आणि त्याचबरोबर एक भयंकर सोय दिसली: दोघांचं अर्धं अर्धं, आणि मावशीचं पूर्ण. किती नीट बसत होतं. तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं तिला वाचवायला जे केलं ते तिला आवडलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती उठली. पाय हलके नव्हते, मनाचा काही निश्चयही झालेला नव्हता. फक्त त्या खुर्चीत आणखी बसवेना.

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि तो त्यांनी काढला नाही. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. टोक मी बसवलं. चूक असेल हे तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर कपाटापाशी लक्षात आलं, तरी अकरा मिनिटं बोलले नाही. मावशींनी केबलला हात लावलेला नाही. हे शेवटचं वाक्य तिनं तयार केलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यात तिचं काही नव्हतं. बाईंनी काच थोडी सरकवली. "केबल घालणं समजू शकते," त्या म्हणाल्या. "अकरा मिनिटं कशासाठी?"

"घाबरले होते."

"मी ही काच चुकीची वाचली तर फरशी पुसणारीला कोणी विचारणार नाही. मलाच विचारतील." आता त्यांनी डोळा वर केला, भोवती नळीचा गोल वळ उमटला होता. उमेदवारी तीन महिन्यांनी वाढेल, त्या म्हणाल्या, आणि हे लिहून द्या, दोन ओळींत, गोष्ट सांगू नका. आणि ते खाली बसले होते ते गृहस्थ उद्या सकाळी येतील, तेव्हा खिडकीवर तुम्ही थांबा. का ते त्यांना तुम्हीच सांगायचं. एवढं बोलून त्या पुन्हा वाकल्या. ती जिन्यात आली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. पुस्तकांत वाटतं तसं. वाटत होती ती भूक, आणि उद्याची सकाळ, आणि घडी करून खिशात ठेवलेला तो फॉर्म.

मावशी चौथ्या मजल्यावर डबा उघडून जेवायला बसली होती, बैठकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मुकादमानं सकाळीच फोन करून तुला दुसऱ्या इमारतीत टाकतो असं तिला कळवलं होतं, आणि आता परत फोन करून काही नाही, राहा तिथेच, असंही. ती मावशीच्या शेजारी बसली आणि झालं ते सांगू लागली, आपली चूक, आपलं गप्प राहणं. सांगताना आपला आवाज किंचित मऊ, किंचित थोर झालाय हे तिला ऐकू येत होतं. मावशीनं घास गिळला.

"तुम्ही कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.

तिला कळलं नाही.

"दुसरी इमारत माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. इथे यायला दोन बशी लागतात. सहा महिने मुकादमाच्या मागे लागलेय, बदली दे, बदली दे. आज आपसूक होत होती." तिच्या बोलण्यात राग होता, पण तो बसच्या रांगेवर काढतात तसला, रोजचा. "मी तर म्हणणार होते, हो बाबा, मीच घातली वायर."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"विचारलं कुठं कुणी?"

खालून लेबलं छापल्याचा आवाज येत होता. सकाळपासून तिनं या बाईला किती वेळा मनात आणलं होतं, तिच्यासाठी किती तळमळली होती, आणि त्या सगळ्या तळमळीत ही कुठे राहते हे आलं नव्हतं. तिला हसू फुटलं, ते नीट बाहेर येईना, डोळ्यांत आलं. मावशीनं तिच्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि डब्यातली पोळी पुढे केली. तिनं ती घेतली. खात खात तिनं विचारलं. घर कुठे, किती जण, निघायचं किती वाजता, मुकादमाच्या वरचा माणूस कोण. मावशी सांगत गेली, आधी तुटक, मग मुलाच्या शाळेची वेळ, सासूचं पथ्य, पहिली बस चुकली की दुसरीचं काय होतं ते सगळं. मग तिनं पर्समधून कागद काढला, मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर धरला, आणि वरच्या साहेबांच्या नावे अर्ज लिहायला घेतला. कारण काय लिहू, तिनं विचारलं. मावशी म्हणाली, घर जवळ आहे. आणखी? आणखी काय, एवढं पुरे की.

लिहून झाल्यावर मावशीनं हात धुतले, पदराला पुसले, कागद घेतला आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत, ओठ हलवत, सबंध अर्ज वाचला. बराच वेळ लागला. एके ठिकाणी बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"हे 'विनंती' नको," ती म्हणाली. "सहा महिने विनंतीच करतेय. 'मागणी' लिहा."

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि तो शब्द खोडला.